बारावं बिस्कीट

आमच्याकडे बीगल जातीचा कुत्रा आहे. नाव बंड्या. ठेवताना फार गंमत वाटली होती, आता नाही वाटत.

सकाळी पाच किलोमीटर फिरवून आणला की मी सोफ्यावर आडवा, आणि हा तोंडात माझाच बूट घेऊन समोर हजर, की चला आता निघूया. दोन उशा आणि चार्जरची वायर गेल्यावर डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले अहो शिकारीची जात आहे ही, सशाच्या वासामागे तासन् तास धावायलाच घडवलेली, नुसतं पळवून कसा दमेल, उलट स्टॅमिना वाढेल त्याचा, नाकाला काम द्या. म्हणजे इतके दिवस मी त्याला फुकटात कोचिंग देत होतो!

मग पझल बॉक्स आणला, झाकण सरकवलं की खाली खाऊ, असला. पहिल्या दिवशी वीस मिनिटं घर शांत, मला तर कानात काहीतरी बिघडलंय असं वाटलं. तिसऱ्या दिवशी दोन मिनिटं. पाचव्या दिवशी त्याने झाकणांचा नादच सोडला, बॉक्स दातात धरला, उलटा आपटला, खाऊ खाल्ला आणि रिकामा बॉक्स माझ्या पायावर आणून टाकला.

शेवटी बिस्किटं लपवायला लागलो. आपल्या नाकात वास घेणाऱ्या पेशी साधारण ५०-६० लाख, याच्या नाकात वीस कोटींच्या वर, त्यामुळे आपण किती डोकं चालवतो याला काडीची किंमत नाही. पण बघायला मजा येते हं. नाक फरशीला टेकलेलं, फुस् फुस् चालू, आणि श्वास सोडताना नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून हवा सुटते त्याने कोपऱ्यातली धूळ उडते (कोपऱ्यात धूळ असते हेही मला तेव्हाच कळलं). पंधरा मिनिटांत गडी गार. पाच किलोमीटरने जे झालं नाही ते बारा बिस्किटांनी!

परवा मात्र अकराच सापडली. बारावं कुठे ठेवलं ते मलाच आठवेना. बंड्या मात्र शोध सोडून माझ्या मागे मागे, किचनमध्ये गेलो तर किचनमध्ये, बाथरूमला गेलो तर दाराबाहेर बसून. मी बायकोला म्हटलंसुद्धा, बघ, वेळ दिला की कसा लळा लागतो. ती काही बोलली नाही.

रात्री दोनला त्याने पलंगाशी उभं राहून जो भोंगा काढला, बीगलचं ते भुंकणं नसतंच, सायरन असतो तो, शेजारच्यांचा लाइट लागला. मी म्हटलं काय रे राजा, पोटात दुखतंय का? हा एकटक माझ्या मांडीकडे बघतोय.

"अरे, खिशात बघ," बायको डोळे न उघडता म्हणाली.

नाइट पँटच्या खिशात बारावं. निम्म्याचा भुगा झालेला.

तो भुगा खिसा उलटा करून, शिवणीसकट चाटूनपुसून झाल्यावर बंड्या उठला आणि बायकोच्या बाजूला जाऊन झोपला.