फुकटचे वडे खाऊन फुकट्यांवर भाषण

डोकं अजून ठणकतंय, तेव्हा आज शुद्धलेखन कोणी तपासू नये.

"काकी, बेसिकली तुमच्यासारख्या फुकट्यांमुळेच देशाचं वाटोळं झालंय."

हे वाक्य आमच्या चुलत भावजींनी माझ्या सासूबाईंना ऐकवलं. हसत हसत. एका हातात वडा, दुसऱ्या हातात मोबाईल, समोर काळ्या वाटाण्याचं सांबारं, आणि ते सांबारं पहाटे उठून वाटण वाटून कोणी केलं होतं? त्याच फुकट्या बाईने.

सासूबाईंचा गुन्हा काय, तर त्या एवढंच म्हणाल्या की गणपतीच्या बाजाराला कणकवलीला एसटीनं जाऊन आले, अर्धं तिकीट झाल्यापासून बरं पडतं. बस. तेवढ्यावर भावजींनी वड्याचा घास अर्धवट ठेवून भाषणच लावलं. एसटी तोट्यात आहे. अर्ध्या तिकिटामुळे आहे. लाडक्या बहिणींनी तिजोरी खाल्ली. रेशन बंद करा, सरकारी शाळा बंद करा, सरकारी दवाखाने विकून टाका, सगळं खाजगी करा, ज्याला परवडेल तो घेईल. "टॅक्स आम्ही भरायचा आणि मजा तुम्ही करायची."

मजा! एकोणसत्तर वर्षांची बाई, गुडघे गेलेले, फाट्यावर भिजत उभी राहते, दोन पिशव्या घेऊन उभ्याने येते, आणि ही तिची मजा. सासूबाई काहीही बोलल्या नाहीत. मलाच म्हणाल्या, "जाऊंदे गो, वर्साक एकदा येता. त्येका आणखी दोन वडे घाल."

घातले. घातले ना मी. काय करणार, सण आहे, पाहुणा आहे, वर नात्याने दीर. मी फक्त "भावजी, खीर वाढू?" एवढंच म्हटलं. ते "नको, शुगर" म्हणाले आणि दोन वाट्या खाल्ल्या.

आता मला सांगा, हा माणूस आला कसा? गाडीने. काचेवर गणपतीचा टोलमाफीचा पास. दरवर्षी सरकार कोकणात जाणाऱ्या गाड्यांना देतं तोच. तो पास काढायला साहेब स्वतः रांगेत उभे होते, त्याचा फोटोही फॅमिली ग्रुपवर टाकला होता, "बाप्पा मोरया" लिहून. म्हणजे सासूबाईंचं अर्धं तिकीट हे देशाचं वाटोळं, आणि यांचा पूर्ण टोल माफ ही बाप्पाची कृपा.

आणि आल्या आल्या पहिलं काय बोलले असतील? खळ्यात गाडी लावून, चप्पल न काढता ओटीवर चढून (हे मला अजिबात खपत नाही, शेणाने सारवलेली जमीन आहे ती, मॉलची फरशी नाही), पहिलं वाक्य, "चौदा तास लागले! हे सरकार करतं काय?" माणगावचं ट्रॅफिक, इंदापूरचं ट्रॅफिक, २०११ पासून हायवे चाललाय, आमच्या टॅक्सचे पैसे जातात कुठे. अर्धा तास. तो राग खरा होता, मलाही येतो. पण मग तुमच्यासाठी चौपदरी रस्ता सरकारने करायचा आणि आमच्यासाठी वाडीवरची गाडी मात्र नफ्यात चालली पाहिजे? रस्त्याचा नफातोटा कोणी काढलाय का कधी? पोलीस ठाणं फायद्यात चालतं का, असं विचारलंय कोणी? हिशेब फक्त एसटीचा. १९४८ पासून ती गाडी गावोगाव फिरते आणि वस्तीच्या गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर मिळेल तिथे अंग टाकतात, त्यांचा हिशेब फायदा-तोट्यात बसवायचा.

खाजगी करा म्हणे. गणपतीत खाजगी बसवाल्यांची तिकिटं काय होतात ते बघितलंय ना? त्यांनी एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त घेऊ नये असा सरकारी निर्णय २०१८ मध्ये काढावा लागला. कशाच्या दीडपट? एसटीच्या. उद्या एसटीच नसेल तर दीडपट मोजणार कशावर, भावजींच्या पगारावर?

रेल्वेचंही तेच. भावजींची बायको आणि मुलं कोकण रेल्वेने आली, कारण मुलांना घाटात गाडी लागते. ती रेल्वे कुठल्या शेठने बांधली? निम्म्याहून जास्त भांडवल भारतीय रेल्वेचं, बाकी चार राज्यांचं, त्यात महाराष्ट्र २२ टक्के, आणि वर लोकांकडून रोखे विकून उभा केलेला पैसा. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. फायदा दिसल्याशिवाय कुदळ न उचलणारा कुठला खाजगी माणूस सह्याद्रीत तेवढं भोक पाडत बसला असता? १९९८ पर्यंत आमची माणसं बोटीच्या आणि रातराणीच्या गोष्टीच सांगत बसली होती.

थांबा, मुख्य मुद्दा राहिलाच. कलमं.

भावजींच्या वाट्याची हापूसची बाग आहे वर कातळावर. दर मे महिन्यात येतात, पेट्या भरतात, ऑफिसात वाटतात, "आमच्या वाडवडिलांची बाग" म्हणून सांगतात. वाडवडिलांची कसली! वाडवडिलांच्या वेळी तिथे करवंदीची जाळी आणि गुरं होती. ती कलमं लागली रोजगार हमीतून. १९९० साली राज्याने रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली, तेव्हा मामंजींनी आणि त्यांच्या भावाने, म्हणजे याच भावजींच्या वडिलांनी, अर्ज केले. खड्डे मारायची मजुरी सरकारची, कलमांचा बराचसा पैसा सरकारचा, पुढची तीन वर्षं जगवायलाही अनुदान. कोकणातल्या कितीतरी आंबा-काजूच्या बागा अशाच उभ्या राहिल्या आहेत. खड्डे कोणी मारले? वाडीतल्या बायकांनी. त्यात सासूबाई होत्या. कातळ फोडून, डोक्यावरून माती वाहून. भावजी तेव्हा मुंबईत शाळेत होते. त्यांच्या पेटीतल्या प्रत्येक आंब्याच्या बुडाशी या फुकट्या बाईचा घाम आहे, आणि शासनाचा पैसाही.

आणि तो शासनाचा पैसा कुठून आला माहितीये? नोकरदारांच्या पगारातून जो व्यवसाय कर कापतात ना, महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, तो १९७५ मध्ये रोजगार हमीसाठीच सुरू झाला. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या कामाला हातभार लावायचा, इतका साधा विचार. आज त्या कराची कमाल मर्यादा वर्षाला २५०० रुपये आहे. अडीच हजार. काल भावजींच्या मुलाने आमच्या विहिरीचं पाणी नको म्हणून मागवलेल्या बाटल्यांचा आणि पिझ्झ्याचा (हो, गणपतीत, पिझ्झा, तालुक्याहून, नेवऱ्या समोर ठेवलेल्या असताना) खर्च किती झाला तो मी विचारला नाही.

"टॅक्स आम्ही भरतो." हे एक ऐकलं की माझ्या कपाळाची शीर उडते. सासूबाई महिन्याला मोबाईलचा रिचार्ज मारतात त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. त्या भरत नाहीत? बारा लाखांपर्यंत इन्कम टॅक्स माफ झाला तेव्हा याच भावजींनी पेढ्याचा फोटो टाकला होता. त्या एका निर्णयात केंद्राने सुमारे एक लाख कोटींचं उत्पन्न सोडलं, असं अर्थमंत्र्यांनी बजेटच्या भाषणातच सांगितलं होतं. तेव्हा नाही कोणी म्हणालं की फुकटे झाले. मध्यमवर्गाला दिलासा झाला तो. आम्हाला मिळालं की खिरापत.

आता तुम्ही म्हणाल, बाई सरकारची पाठराखण करतेय. जाऊ द्या हो. सरकारवरचा माझा राग वेगळ्या डब्यात भरून ठेवलाय, तोही आता उघडतेच. शिध्याच्या पिशवीवर फोटो कोणाचे होते? पंधराशे रुपये दिले म्हणून मेळावे कशाला? तुमच्या घरून आणलेत? भावजींना वाटतं पैसे त्यांच्या खिशातले, पुढाऱ्याला वाटतं त्याच्या खिशातले, आणि आम्ही दोघांकडे बघून हात जोडायचे. वर ई-केवायसी. आमच्याकडे घरात नेटवर्क नाही, ओटीपीसाठी वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, चढावं लागतं. वाडीतल्या साऱ्या बायका भर उन्हात सड्यावर मोबाईल वर धरून उभ्या, जशी काही ग्रहण बघायला जत्रा भरलीय. ओटीपी यायचा, तोवर वेळ संपलेला.

आणि पंधराशे मिळतात ते मी घेते, खोटं का बोलू. पण पंधराशेत डॉक्टर येत नाही ना. इथल्या आरोग्य केंद्रात कधी डॉक्टर असतो तर औषध नसतं, औषध असतं तर चावी घेऊन शिपाई गेलेला असतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत झाले. चांगलं झालं. पण कुलपाचं मोफत काय करायचं? म्हणून आमचा अर्धा जिल्हा सीरियस झाला की बांबोळी गाठतो, गोव्याचं सरकारी हॉस्पिटल, परराज्यात. २०१८ च्या जानेवारीपासून तिथे गोव्याबाहेरच्यांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर बसले होते. गोव्याने त्यांचा पैसा त्यांच्या दवाखान्यावर खर्च केला म्हणून तिथे दवाखाना उभा आहे. आपण आपला का नाही केला, हे विचारायचं सोडून भावजी म्हणतात विकून टाका.

विका. मग पुढच्या वेळी काही चावलं की बघू. भाताच्या कापणीत विंचवाने माणसं मरायची या कोकणात, पोरं तर हमखास. त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपाय शोधला डॉ. हिंमतराव बावस्करांनी, महाडच्या भागात, सरकारी आरोग्य सेवेत नोकरी करताना. कुठली पंचतारांकित कंपनी भातखाचरातल्या मजुराच्या विंचवावर संशोधन करायला आली असती? त्यात पैसा कुठेय?

हे सगळं मी कोणाला ऐकवलं म्हणता? परातीला. रात्री मागीलदारी भांडी घासता घासता. इतकं सुंदर, मुद्देसूद भाषण झालं, प्राझोसिनच्या जागी तर माझा आवाज असा चढला की पलीकडच्या घरातून वहिनींनी हाक मारली, "काय गो, मांजर इला काय?" हो, म्हटलं, मांजरच. नवरा आतून म्हणतो, झोप आता, सकाळी आरतीला उठायचंय. तो कशाला बोलेल, भाऊ आहे ना. लहानपणी भावजींच्या उतरलेल्या चड्ड्या घातल्यात म्हणे यांनी, तो उपकार अजून फिटत नाहीये. यालासुद्धा अनुदानच म्हणायचं खरं तर.

शिवाय मी काही कमी नाही. भावजींच्या बायकोने मुंबईहून काजूकतली आणली, ती सगळ्यात आधी मीच उघडली. आणि त्यांच्या त्या गाडीत बसून काल गणपती बघायला चार घरं फिरलेसुद्धा, एसी लावून. बरं वाटलं. हे मान्य करायला मला जिवावर आलंय, पण वाटलं.

तरी राग आहेच. शाळेचं सांगायचं राहिलं. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पट कमी म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून पट आणखी कमी. मग म्हणायचं, बघा, चालत नाही, बंद करा. भावजींचे वडील याच शाळेत शिकले आणि त्या जोरावर गोदीत नोकरीला लागले. सरकारी नोकरी. सरकारी पेन्शन. त्या पेन्शनमधून यांच्या क्लासची फी गेली. बेसिकली.

परवा निघणार आहेत. नारळ, कोकमं, तांदूळ, कुळथाचं पीठ, सगळं बांधून ठेवलंय. आत्ता मघाशी ओटीवर बसून नवऱ्याला हळूच विचारत होते, "अरे, ती भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना म्हणून आहे ना, त्यात कोकणात दहा हेक्टरपर्यंत बसतं म्हणे. माझ्या वाट्याच्या खालच्या पाटीत काजू लावून अनुदान मिळेल का? बघ ना जरा कृषी सहाय्यकाला विचारून."

मी आतून ऐकलं. चहा घेऊन बाहेर गेले. म्हटलं, मिळेल की भावजी, का नाही मिळणार. सातबारा लागेल, आधार लागेल, बँकेचं पासबुक लागेल. अर्ज ऑनलाइन असतो, ओटीपी येतो. नेटवर्कसाठी तेवढं सड्यावर चढावं लागेल. दुपारी जा, तेव्हा बरं मिळतं. आणि चप्पल नीट घाला, वर विंचू असतात.