‘मागून ढकला, भीती जाईल’: वॉटर स्लाइडबद्दलच्या फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस वॉटर स्लाइडबद्दलचा एक लांबलचक मेसेज ग्रुपागणिक फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: थरार हे औषध आहे. पाणी मऊ असतं, त्यामुळे स्लाइडवर कसंही बसा, लहान मुलाला मांडीवर घ्या, काही होत नाही. वजन-उंचीच्या पाट्या पार्कवाल्यांनी स्वतःला वाचवायला लावलेल्या असतात. स्लाइड आधीच वाळूची पोती सोडून तपासलेली असते. मूल घाबरत असेल तर सगळ्यात उंच स्लाइडवर न्या आणि मागून ढकला, एका फटक्यात आयुष्यभराची भीती जाते. ज्याला थरार आवडत नाही त्याचं मन दुबळं. ॲड्रेनलिनने चरबी जळते आणि हृदय साफ होतं. वर उभा असलेला कर्मचारी अडवत असेल तर त्याचं ऐकू नका.

हा मेसेज घरच्या ग्रुपवर आला आणि एका नऊ वर्षांच्या मुलावर तो प्रयोग करायचं ठरू लागलं. म्हणून उत्तर देणं भाग आहे. मेसेजचा क्रम सोडून सगळ्यात घातक मुद्दा आधी घेऊ.

‘मागून ढकला, भीती कायमची जाते.’

नाही जात. भीती कमी करण्याची जी पद्धत मानसोपचारात खरोखर चालते, तिला तीन गोष्टी लागतात: टप्पे लहान हवेत, पुढे जायचं की नाही हे घाबरणाऱ्याने ठरवायला हवं, आणि भीती ओसरेपर्यंत त्या प्रसंगात थांबता यायला हवं. उंच बॉडी स्लाइड, म्हणजे तराफ्याशिवाय नुसत्या अंगाने घसरायची स्लाइड, पाच ते पंधरा सेकंदांत संपते. तेवढ्या वेळात भीती शिगेला पोहोचते. ओसरायला अवधीच मिळत नाही. मुलाच्या मनात ‘मला जमलं’ हे उरत नाही. ‘मी नको म्हणत होतो आणि माझ्याच माणसाने ढकललं’ एवढंच पक्कं बसतं. पुढच्या वेळी ते मूल जिन्यालाही घाबरतं आणि त्या माणसालाही.

वॉल्टर फेन्झ आणि सेमूर एपस्टीन या मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात पॅराशूटने उडी मारणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले होते. नवख्यांचे ठोके उडीच्या क्षणापर्यंत चढतच गेले. मुरलेल्यांचे आधी चढले आणि उडीची वेळ जवळ आली तसे उतरू लागले. भीती दोघांनाही वाटली. ती आवरण्याचं कसब मात्र एका उडीत आलेलं नव्हतं; पुन्हा पुन्हा, स्वतःहून मारलेल्या उड्यांतून आलेलं होतं.

मानसशास्त्रज्ञ मायकल ॲप्टर यांनी हेच दुसऱ्या बाजूने मांडलं. छातीत धडधड, घाम, ताणलेले स्नायू या सगळ्याला आपण कधी ‘भीती’ म्हणतो, कधी ‘मजा’. शरीराची अवस्था जवळपास तीच असते. आपण संरक्षक चौकटीच्या आत आहोत असं वाटतं की नाही, यावर फरक ठरतो. पिंजऱ्यातला वाघ थरारक वाटतो. पिंजरा काढा, उरते ती निव्वळ दहशत. स्लाइडवर ही चौकट कशाची असते? खालून दिसणारा शेवट, आपल्याआधी हसत बाहेर पडलेली माणसं, ‘तयार आहेस?’ असं विचारणारा कर्मचारी आणि मुख्य म्हणजे अजूनही मागे फिरता येईल ही खात्री. ढकलणारा हात ही खात्री आधी मोडतो.

हे झालं मनाचं. शरीराचं ऐका. स्लाइडच्या तोंडाशी बसून किंवा आडवं होऊन शून्य वेगाने सुटायचं असतं, कारण पहिलं वळण त्याच हिशेबाने आखलेलं असतं. समजा वळणाची त्रिज्या ३ मीटर आहे. सेकंदाला ६ मीटर वेगाने येणारं शरीर तिथे भिंतीवर साधारण ५१ अंशांपर्यंत चढतं. वेग ८ मीटर झाला तर ६५ अंश. वेगात फरक दोनच मीटरचा, पण वळणातला जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. शिवाय ढकललेलं मूल हात छातीशी घेत नाही, कडा पकडायला जातं. एक हात अडकला की शरीर आडवं फिरतं, खांदा पिळवटतो, कोपर किंवा डोकं फायबरवर आपटतं. कधी ते मध्येच बसून थांबतं, आणि मग मागून येणारा त्याच्यावर आदळतो.

मुलाची भीती खरोखर कमी करायची असेल तर आधी स्लाइडच्या शेवटाशी त्याला उभं करा आणि दहाबारा जण बाहेर पडताना पाहू द्या. मग सगळ्यात बुटकी, उघडी, शेवट दिसणारी स्लाइड निवडा. तीच पुन्हा पुन्हा करू द्या, त्याला कंटाळा येईपर्यंत. कंटाळा ही भीती गेल्याची सगळ्यात भरवशाची खूण आहे. पुढच्या उंचीवर जायचं की नाही ते त्याला सांगू द्या. वर जाऊन परत फिरावंसं वाटलं तर जिना उतरून येऊ द्या आणि त्यावर एक शब्दही टाकू नका. बंद, काळोख्या नळ्या शेवटी ठेवा. पुढचं वळण दिसत नाही, त्यामुळे मान आणि पोट आधी सावरता येत नाही, आणि तोच वेग जास्त वाटतो. हे सगळं एका दिवसात झालं नाही तरी बिघडत नाही.

‘पाणी मऊ असतं, कसंही बसा.’

पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन आहे. ताशी ७२ किलोमीटर वेगाने पाण्याला समोरून भिडलेल्या भागावर दोन लाख पास्कलच्या आसपास दाब येतो, म्हणजे नेहमीच्या हवेच्या दाबाच्या दुप्पट. उभ्या उताराच्या स्लाइडवर घोटे एकमेकांवर टाकायला लावतात ते यासाठी. पाय फाकलेले असतील तर शेवटच्या सपाट पट्ट्यात पाणी या दाबाने शरीराच्या आत घुसतं आणि गुदमार्गाला, योनीमार्गाला गंभीर जखमा होतात. अशा जखमांची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. हात छातीवर बांधायचे, कारण मोकळा हात कडेला लागतो. पाठ टेकून झोपायचं, कारण उभा उतार संपून सपाटी सुरू होते तिथे बसलेल्या माणसाच्या कण्यावर त्याच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो.

मांडीवर मूल घेणं तर निव्वळ पाय मोडायची तयारी आहे. मुलाचा बूट किंवा पाऊल कडेला अडकतं, मोठ्या माणसाचं वजन मात्र पुढे जातच राहतं, आणि नडगीचं हाड पिळून मोडतं. अमेरिकेत २००२ ते २०१५ या काळात बागेतल्या साध्या घसरगुंड्यांवर सहा वर्षांखालची साडेतीन लाखांहून अधिक मुलं जखमी झाल्याचा अंदाज आयोवा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये मांडला. त्यात सर्वाधिक प्रमाण हाड मोडण्याचं होतं, आणि तेही बहुतेक गुडघ्याखालचं. पाण्यामुळे घर्षण कमी होतं, वेग वाढतो. अडकलेल्या पायाची मात्र सुटका होत नाही. पार्कने स्वतः परवानगी दिलेली नसेल तिथे मूल मांडीवर घ्यायचं नाही.

‘पाट्या नावापुरत्या असतात, तपासणी आधीच झालेली असते.’

यातला अर्धा भाग खरा आहे, आणि तो नाइलाजाने मान्य करतो. नीट चालवलेल्या स्लाइडवर धोका वाटतो तेवढा नसतो; वाटणारी भीती आणि प्रत्यक्ष धोका यांच्यातलं हे अंतर जपणं हेच डिझाइन करणाऱ्याचं काम. तपासणीही होते. पण त्या तपासणीतून जे निघतं तेच पाटीवर लिहिलेलं असतं. तपासणीवर विश्वास ठेवायचा आणि पाटी धुडकवायची, हे दोन्ही एकत्र जमत नाही.

वजनाचा प्रश्न शाळेतल्या सूत्राने सुटत नाही. घर्षण नसेल तर वजनाने वेग बदलत नाही, हे बरोबर. स्लाइडवर पाण्याचा आणि हवेचा विरोध असतो. शरीर मोठं होतं तसं वजन आकारमानाच्या प्रमाणात वाढतं, विरोध मात्र पृष्ठभागाच्या प्रमाणात. म्हणून जड माणूस किंवा भरलेला तराफा जास्त वेगाने जातो, हलका मागे पडतो. आता मध्ये उंचवटा असलेली स्लाइड घ्या. उंचवट्याची त्रिज्या ४० मीटर असेल तर ताशी ६८ किलोमीटरला तराफ्याचा जेमतेम दहावा हिस्सा भार खाली टेकलेला असतो. ७२ ला तो सुटून हवेत जातो. चार किलोमीटरचा फरक. वजनाची कमाल मर्यादा या चार किलोमीटरसाठी असते.

हे कागदावरचं गणित नाही. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या श्लिटरबान पार्कमध्ये २०१४ साली ‘फेरुक्ट’ नावाची ५१ मीटरहून उंच स्लाइड सुरू झाली. एका तराफ्यात तिघं एकामागे एक, एकूण वजन १८१ ते २४९ किलोच्या दरम्यान, आधी उभा उतार आणि मग एक उंचवटा. सुरू होण्याआधी वाळूच्या पोत्यांवर चाचण्या झाल्या, पोत्यांसकट तराफे हवेत उडाले, उद्घाटन लांबलं, काही भाग पाडून पुन्हा बांधला. वरून जाळी लावली आणि ती धरायला धातूच्या कमानी. ७ ऑगस्ट २०१६ रोजी तराफा उंचवट्यावर उडाला, पुढे बसलेला दहा वर्षांचा मुलगा कमानीला धडकला आणि जागीच गेला. मागे बसलेल्या दोघी जखमी झाल्या. तिघांचं एकूण वजन मर्यादेच्या आत होतं, पण पुढे हलकं मूल आणि मागे दोन मोठी माणसं अशी मांडणी होती. नाक हलकं असलेला तराफा सहज उचलला जातो. तिघांना धरून ठेवायला होते ते चिकटपट्टीसारखे उघडणारे पट्टे.

२०१८ च्या आरोपपत्रात म्हटलं होतं की डिझाइन करणाऱ्यांकडे त्या कामाचं अभियांत्रिकी शिक्षण नव्हतं आणि उद्योगातली मानकं पाळली गेली नाहीत. २०१९ मध्ये न्यायालयाने तो खटला रद्द केला, कारण आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या ज्युरीला दाखवू नये असा पुरावा दाखवला गेला होता. स्लाइड निर्दोष ठरली असा त्याचा अर्थ नाही. ती २०१८ च्या अखेरीस पाडली. कॅन्ससमध्ये त्या वेळी पार्कने स्वतःच स्वतःची तपासणी केलेली चालत होती. कायदा या मृत्यूनंतर, २०१७ मध्ये कडक झाला. वाळूची पोती झुकत नाहीत, हात वर करत नाहीत, पट्टा सोडत नाहीत. पोतं सुखरूप खाली आलं म्हणून माणूस येईलच असं नाही, आणि इथे तर पोतीही सुखरूप आली नव्हती.

किमान वजनाचं कारण याच्या उलट. पायाखालचा दरवाजा उघडून सोडणाऱ्या आणि पुढे कलता लूप (तिरकं, गोल फिरवून आणणारं वळण) असलेल्या स्लाइडवर हलका माणूस लूपच्या माथ्यापर्यंत पोहोचत नाही, मागे घसरतो. म्हणून तिथे बाहेर पडायला झडप ठेवलेली असते. लूप कलता का, तर उभा गोल लूप शरीराला झेपत नाही: माथ्यावरून जेमतेम निसटण्याइतका वेग घेतला तरी तळाशी घर्षण नसताना सहा जी, म्हणजे वजनाच्या सहापट भार येतो. न्यू जर्सीच्या ॲक्शन पार्कने १९८५ मध्ये उभ्या लूपची स्लाइड उघडली होती. ती महिनाभराच्या आसपास चालली आणि सरकारी आदेशाने बंद झाली. किमान उंचीची अट तीन कारणांनी असते: शेवटच्या पाण्यात मूल उभं राहू शकलं पाहिजे, मान सावरता आली पाहिजे, सांगितलेली स्थिती धरता आली पाहिजे. मूल धीट आहे की नाही याच्याशी तिचा संबंध नाही.

बाकीचे मुद्दे पटकन. थरार न आवडणं हा दुबळेपणा नाही. मानसशास्त्रज्ञ मार्विन झुकरमन यांनी १९६४ पासून थरारप्रियतेची मोजणी मांडली. त्यांच्या पट्टीत शारीरिक साहस, नवे अनुभव, बंधनं झुगारणं आणि कंटाळ्याची असहनता असे चार वेगळे भाग आहेत. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार यातला साधारण निम्मा फरक आनुवंशिक आहे, आणि वयानुसार थरारप्रियता तारुण्यात सर्वाधिक असून पुढे उतरते. जास्त गुण मिळवणाऱ्यांमध्ये बेदरकार गाडी चालवणं आणि नशाही जास्त आढळते. त्याला सरसकट सद्गुण म्हणता येत नाही.

ॲड्रेनलिन चरबीच्या पेशींतून मेदाम्लं बाहेर काढतं, एवढं खरं. पण ती वापरणारं काम झालं नाही तर ती परत साठवली जातात, आणि पंधरा सेकंद आडवं पडून घसरण्यात काम होत नाही. जिना चढण्यात होतं. हृदय साफ वगैरे होत नाही. ठोके आणि रक्तदाब अचानक वाढतात. हृदयविकार, गरोदरपण, पाठीचं दुखणं असलेल्यांना स्लाइडवर मनाई असते ती यामुळे आणि शरीराला बसणाऱ्या हिसक्यांमुळे. उतरल्यावर छान वाटतं ते खरं आहे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड सॉलोमन यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की तीव्र भीती संपल्यावर मन उलट दिशेला झुकतं आणि सरावाने ते सुख वाढतं. मात्र हे ढकलण्याचं समर्थन नाही.

राहिला कर्मचारी. पुढच्याला सोडायचं ते ठरावीक सेकंद मोजून नव्हे, तर आधीचा माणूस शेवटच्या पट्ट्यातून उठून बाजूला झाल्याची खूण खालून मिळाल्यावर. अडकलेला माणूस नळीत दिसत नाही. ती खूण फक्त वर उभ्या असलेल्या त्या कर्मचाऱ्याला मिळते. तो ‘थांबा’ म्हणतो तेव्हा नळीत कोणी असू शकतं.