बिनपगारी चार क्रेडिट

परत कॉलेजचा तोच कागद. 'ऑन जॉब ट्रेनिंग, चार क्रेडिट, 120 तास.' म्हणजे अभ्यासक्रमातले चार श्रेयांक हवेत तर कारखान्यात जाऊन काम करा! लेक रोज मालवणहून कुडाळ एमआयडीसीत जाते. एसटीचं भाडं आमचं, डबा आमचा, आणि कारखानदार म्हणतो, "शिकायला आलीस ना, मग मानधन कसलं?" शिकली काय, तर काजूच्या बिलांच्या नोंदी आणि साहेबांचा चहा.

बरं, सरकारकडे पैसाच नाही म्हणावं तर तसंही नाही. 2024च्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना 10,000 रुपये, बारावी पासला 6,000. पण शिक्षण चालू असेल तर अपात्र! म्हणजे अभ्यासाचा भाग म्हणून राबाल तर शून्य, शिक्षण संपवून प्रशिक्षण घेतलंत की पैसे. केंद्राच्या अप्रेंटिसशिपमध्ये (शिकाऊ उमेदवारीत) स्टायपेंडचा, म्हणजे मानधनाचा, काही वाटा सरकार देतं खरं, पण त्यासाठी आधी मालकाने सरकारी पोर्टलवर नोंदणी करायला हवी. आमच्याकडच्या दहा बायकांच्या काजू युनिटात ती कोण करणार? (आंब्याच्या हंगामात तर मालक फोनसुद्धा उचलत नाही.)

आणि आजी रोज संध्याकाळी ओटीवरून विचारते, "गो, पगार कधी गावतलो?"