‘भाजीत गोळी मिसळा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

मराठवाड्यात गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला फिरतोय: ‘दारुड्याला समजावून उपयोग नसतो. भाजीत गुपचूप दारू सोडवायची गोळी मिसळा, नाहीतर चार दिवस खोलीत कोंडा.’ यातलं एकही धड नाही.

गोळी म्हणजे बहुधा डायसल्फिराम. ती दारूचं पचन अर्ध्यावर अडवते. वर क्वार्टर गेली की ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य अंगात साचतं: तोंड लाल, उलट्या, धडधड, बीपी खाली. हृदयाचा आजार असेल तर जीवही जातो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. म्हणूनच डॉक्टर ती रुग्णाला सांगून, दारू थांबून किमान १२ तास उलटल्यावरच देतात. चोरून देणं हा उपचारच नाही.

कोंडणं त्याहून वाईट. सकाळी घोट घेतल्याशिवाय ज्याचे हात थरथरायचे थांबत नाहीत, त्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. घरचे ‘बाहेरचं’ समजून देवऋषी गाठतात आणि वेळ हातचा जातो. दवाखान्यात लोराझेपामसारखं औषध देऊन डोस पाच-सात दिवसांत कमी करत आणतात, सोबत थायमिनचं (जीवनसत्त्व बी-१) इंजेक्शन. गावात थायमिनशिवाय नुसती ग्लुकोजची सलाईन लावतात, त्यानं मेंदूला इजा होऊ शकते.

आता ‘समजावून उपयोग नाही’. रात्री टाइट माणसाशी भांडून नाहीच! अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कसं बोलायचं हे घरच्यांना शिकवल्यावर उपचार नाकारणाऱ्यांपैकी ६४ टक्के उपचाराला आले. सगळ्यांनी मिळून जाब विचारण्याच्या पद्धतीत ३० टक्केच.

उतरलेली असताना, तो मानतो अशा एकानंच बोलावं: “दादा, काल तू आल्यावर पोरगी भिऊन शेजारी जाऊन झोपली. उद्या घाटी दवाखान्यात जाऊ, मी येतो संगं.” हो म्हणाला की दुसऱ्याच सकाळी ओपीडी. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वाराती रुग्णालय, लातूर-नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, कुठंही मानसोपचार विभागात केसपेपर काढा. रोज किती, शेवटची कधी, आधी फिट आली होती का, हे लिहून न्या. डॉक्टरला भेटेपर्यंत दारू एकदम तोडू नका. ऊसतोडीला निघायच्या तोंडावर सुरुवात नको, फेरतपासण्या बुडतात.

नाही म्हणाला तर विषय सोडा, आठवड्यानं पुन्हा काढा. मधल्या काळात घरचेही १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करून विचारू शकतात. फिट आली तर मात्र थेट १०८.