‘युनो बंद करा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

नाशिकच्या बहुतेक गटांत सध्या एक मजकूर फिरतोय. द्राक्ष बागायतदारांच्या गटात आला, सोसायटीच्या आला, शाळेच्या जुन्या मित्रांच्याही आला. त्याचं सार असं: ‘युनोनं आजवर एकही देश वाचवलेला नाही. मदतीचा पैसा साहेबलोक खातात. निर्वासित शेवटी श्रीमंत देशांतच घुसतात. लढणाऱ्यांना लढू द्या, थकले की थांबतील. बड्या देशांपुढे युनोचं काही चालत नाही. भारतानं यात पडू नये, आपलं काय जातं?’ खाली जोडलेले हात आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’. मला एक वाक्य पटलं, बाकीची नाही.

‘एकही देश नाही’ हे आधी घेऊ. सिएरा लिओन हा पश्चिम आफ्रिकेतला छोटा देश १९९१ पासून अकरा वर्षं यादवीत होरपळला. हिऱ्यांच्या खाणी बंडखोरांच्या ताब्यात, बारा-चौदा वर्षांच्या पोरांच्या हातात बंदुका, आणि दहशत बसावी म्हणून सामान्य माणसांचे हात तोडायची रीत. मे २००० मध्ये या बंडखोरांनी युनोच्या सुमारे ५०० सैनिकांना ओलीस धरलं. मोहीम गुंडाळावी लागणार, असंच चित्र होतं. कैलाहुन गावात अडकलेल्यांत दोनशेहून अधिक भारतीय जवान होते. त्या फौजेचे सेनापतीही भारतीयच, मेजर जनरल विजय जेटली. जुलैमध्ये ‘ऑपरेशन खुकरी’त वेढा फोडून सगळ्यांना बाहेर काढलं गेलं. ब्रिटिश सैन्यही त्या देशात उतरलं होतं, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण युनोनं पाय मागे घेतला नाही. फौज १७ हजारांच्या वर नेली, ७५ हजारांहून अधिक लढवय्यांची शस्त्रं जमा करून घेतली. २००२ मध्ये निवडणूक झाली आणि २००५ च्या अखेरीस फौज घरी गेली. देश आजही गरीब आहे, कारभार काही आदर्श नाही, पण ती यादवी पुन्हा पेटलेली नाही. बंडखोरांना पोसणारे शेजारच्या लायबेरियाचे माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर ५० वर्षांची शिक्षा भोगताहेत.

लायबेरियातही युनोची फौज २००३ ते २०१८ होती. तिथं २००७ पासून नऊ वर्षं भारतीय महिला पोलिसांची तुकडी गस्त घालत होती. नामिबिया, मोझांबिक, पूर्व तिमोर ही नावंही याच यादीतली. शांत झालेल्या देशाची बातमी होत नाही, म्हणून ती कुणाच्या फोनवर येत नाहीत.

‘मग रवांडा?’ हा प्रश्न येणारच, आणि यायलाच हवा. १९९४ मध्ये तिथं युनोचे सुमारे अडीच हजार सैनिक होते. सेनापती रोमिओ दालेर कुमक मागत होते. हत्याकांड सुरू झाल्यावर सुरक्षा परिषदेनं काय केलं, तर फौज २७० वर आणायचा ठराव केला. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. पुढच्या वर्षी बोस्नियात स्रेब्रेनिकाला ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणवलं, पण ते राखायला पुरेसं बळ दिलं नाही. आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले. हे डाग पुसले जाणार नाहीत. फक्त एक लक्षात घ्या: ‘यात पडू नका, माणसं परत बोलवा’ हा फॉरवर्डचा सल्ला रवांडात तंतोतंत पाळला गेला होता.

पैशाचं थोडक्यात. युनोच्या या फौजांचा, म्हणजे शांतिसेनेचा, २०२४-२५ चा अर्थसंकल्प सुमारे ५६० कोटी डॉलर. त्याच २०२४ मध्ये जगानं लष्करावर सुमारे २ लाख ७० हजार कोटी डॉलर खर्च केले. म्हणजे बंदुकांवर हजार रुपये गेले तेव्हा शांतिसेनेला दोन मिळाले. त्या दोनांतही गैरव्यवहार होतात. त्याहून वाईटही होतं: हैतीत २०१० मध्ये शांतिसैनिकांच्या छावणीतून कॉलरा पसरला, हजारो माणसं गेली, आणि त्यातल्या आपल्या वाट्याबद्दल माफी मागायला युनोला २०१६ उजाडावं लागलं. याचा हिशेब मागावाच. पण हिशेब मागणं वेगळं आणि दुकानाला टाळं ठोकणं वेगळं.

निर्वासितांचं वाक्य तर सरळ चूक आहे. जगातले सत्तर टक्क्यांहून अधिक निर्वासित गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, बहुतेक शेजारच्याच. सुदानमधून पळालेला माणूस चाडमध्ये पोचतो, पॅरिसला नाही. आणि ‘दुसऱ्यांची माणसं आपण का सांभाळायची’ हे महाराष्ट्रात म्हणताना कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवावं. दुसऱ्या महायुद्धात तिथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते, तेही आपल्याकडे परकं राज्य असताना.

‘थकले की थांबतील’ हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण बाहेरून पैसा आणि हत्यारं येत राहिली की लढणारे थकत नाहीत. थकते ती मधली जनता. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून दोन सेनापतींची झुंज चालू आहे. एक कोटीहून अधिक लोक घरातून उठले. ऑगस्ट २०२४ मध्ये झमझम या विस्थापितांच्या छावणीत अन्नाचा दुष्काळ, म्हणजे भूकबळींची वेळ आल्याचं, जाहीर झालं. दोन्ही बाजूंना सोन्याचा पैसा आहे. शस्त्रबंदी आहे, पण ती फक्त पश्चिमेकडच्या दारफूर भागापुरती, आणि तीही कागदावर. इथं जग फार लुडबुड करतंय अशी तक्रार कुणी करू नये. २०२५ मध्ये सुदानसाठी मागितलेल्या मदतीच्या निम्मीही जमली नाही.

आता ‘आपलं काय जातं?’ हे वाक्य निफाड-दिंडोरीच्या गटात फिरावं याचं मला खरंच नवल वाटतं. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. २०२४ च्या हंगामात न्हावाशेव्याहून युरोपला निघालेली आपली द्राक्षं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून गेली. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, कंटेनरचं भाडं कुठल्या कुठे गेलं, आणि माल पोचेपर्यंत देठ हिरवा राहील की नाही याची धाकधूक वेगळी. युद्ध येमेनचं, हिशेब पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये.

याच समुद्रातली एक गोष्ट फारशी कुणी सांगितली नाही. येमेनच्या किनाऱ्यापाशी ‘सेफर’ नावाचं जुनं तेलजहाज उभं होतं, पोटात ११ लाखांहून अधिक पिंपं तेल. युद्धामुळे २०१५ पासून देखभाल बंद, पत्रा गंजत चाललेला. फुटलं असतं तर मासेमारी, बंदरं आणि जहाजवाहतूक एकदमच अडचणीत आली असती. युनोनं हुथींशी वाटाघाटी केल्या, देशोदेशी आणि सामान्य लोकांकडूनही पैसे गोळा केले, दुसरं जहाज विकत घेतलं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ते तेल त्यात उतरवून घेतलं. फक्त तेल सांडलं नाही, म्हणून आपल्याला कळलंच नाही.

आणि ‘भारतानं पडू नये’ म्हणायला उशीर झालाय. आजवर अडीच लाखांहून अधिक भारतीय शांतिसेनेत जाऊन आले आहेत.

आता जे वाक्य पटलं ते. बड्या देशांपुढे युनोचं चालत नाही, हे खरं आहे. अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स या पाच कायम सदस्यांपैकी एकानं नकाराधिकार वापरला की सुरक्षा परिषद थिजते. सीरियावर रशियानं हेच केलं, गाझावर अमेरिकेनं. पण मग राग पाचांवर काढायचा, की धान्य आणि लस पोचवणाऱ्यांवर? परिषद अडलेली असतानाच सप्टेंबर २०२४ मध्ये गाझात काही तासांचे युद्धविराम ठरवून साडेपाच लाखांहून अधिक मुलांना पोलिओचा डोस दिला गेला. ते काम याच ‘निरुपयोगी’ युनोच्या माणसांचं. एप्रिल २०२२ पासून नकाराधिकार वापरला गेला की दहा कामाच्या दिवसांत सगळ्या सदस्य देशांच्या आमसभेत त्यावर चर्चा लावावी लागते. त्यानं निर्णय फिरत नाही, पण कुणी कशाला नकार दिला हे सगळ्यांसमोर येतं. पुढे पाठवायचंच असेल तर ती नावं पाठवा.