डोळे झाकून लॅब्रॅडॉर घेण्याआधी

पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या घरांसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला फिरत असतो. त्याचा मजकूर साधारण असा: डोळे झाकून लॅब्रॅडॉर घ्या, पिल्लू महिन्याचंच आणा, लळा लवकर लागतो, केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडियाचा) कागद असला की फसवणूक नाही, नरच घ्या, दूध-भाकरी पुरते, रेबीजची एक सुई दिली की झालं, गावठीच्या नादी लागू नका, ते शिकत नाही, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आणा, मुलं घरी असतात. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण परभणी-बीडकडच्या घराने हे जसंच्या तसं मानलं, तर पहिल्याच मे महिन्यात दवाखान्याच्या फेऱ्या सुरू होतात.

लॅब्रॅडॉरपासून सुरुवात करू. स्वभावाने तो मवाळ, मुलांत रमणारा, यात वाद नाही. पण त्याचा मूळ मुलूख न्यूफाउंडलंडचा थंडगार किनारा. गार पाण्यात उतरून मासे आणि जाळी ओढून आणणाऱ्या कुत्र्यांचा हा वंश, म्हणून अंगावर केसांचे दोन थर: वरचा राठ, आतला दाट आणि मऊ. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांतून थोडा सुटतो, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. त्याच्या अंगाचं तापमान 38 ते 39 अंशांच्या आसपास असतं आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हवाच 42-43 अंशांवर जाते. तेव्हा जिभेवरची ओल सुकून मिळेल तेवढाच गारवा. पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गच्चीवर बांधलेल्या जाड लॅबचं अंग 41 अंशांपुढे जायला वेळ लागत नाही. लाळ चिकट होते, हिरड्या लालभडक दिसतात, चाल लटपटते. हा उष्माघात. लगेच सावलीत घेऊन अंगावर गार पाणी ओतत राहायचं, पंखा लावायचा आणि तसंच डॉक्टरकडे न्यायचं. ओलं पोतं अंगावर पांघरून ठेवू नका, उष्णता आतच कोंडते. उन्हाळ्यात मशीन फिरवून केस काढण्याचाही उपयोग नाही, त्वचा उन्हाला उघडी पडते. मेलेले आतले केस रोज ब्रशने काढा, तेवढं पुरे.

शिवाय वाढलेला लॅब 25 ते 36 किलोंचा. त्याला रोज तासभर तरी दणकून व्यायाम लागतो. मे महिन्यात तो उजाडताना किंवा रात्री जेवणं झाल्यावरच शक्य असतो, कारण डांबरी रस्ता अंधार पडल्यावरही बराच वेळ तापलेला राहतो. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच सेकंद टेकवता येत नसेल, तर कुत्र्याचे पंजेही तिथे भाजणार. फिरवणं चुकलं की लॅब लठ्ठ होतो; खादाडपणा या जातीत बराचसा उपजतच आहे. वजन वाढलं की मागच्या पायांचे खुब्याचे सांधे कुरकुरायला लागतात. तेव्हा प्रश्न जातीच्या नावाचा नाही. पहाटे साडेपाचला पट्टा हातात घेऊन बाहेर कोण पडणार, हे घरात आधी ठरू द्या. टँकरचं पाणी मोजून वापरणाऱ्या घराने एवढ्या मोठ्या केसाळ जनावराची आंघोळ आणि फरशीही हिशेबात धरावी. (पग आणि बर्फाळ मुलखातल्या हस्कीचं नाव तर काढूच नका. पगच्या चेपलेल्या नाकातून धड धापही टाकता येत नाही.)

महिन्याच्या पिल्लाबद्दल. 2017 च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, आणि त्याला कारण आहे. भावंडांशी खेळताना जोरात चावलं की समोरचं कळवळतं आणि खेळ थांबतो. जबडा किती आवळायचा हे पिल्लू इथे शिकतं. महिन्यातच आईपासून तोडलेलं पिल्लू पुढे मुलांचे हात ओरबाडतं आणि मग तेच ‘चावरं’ ठरतं. विकणारा वय वाढवून सांगतो, म्हणून तोंड उघडून पाहा. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दाढांसह 28 दुधाचे दात असतात. दाढा नसतील तर पिल्लू लहान आहे. आई समोर दाखवायला तो टाळाटाळ करत असेल, तर तिथून निघा.

लळ्याचं म्हणाल, तर तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लू जगाची ओळख करून घेतं. घरी आल्यापासून त्याला कुकरची शिट्टी, मिक्सर, मोटारसायकल, पागोटं बांधलेले आजोबा, बुरख्यातल्या शेजारीण काकू, रांगतं बाळ असं सगळं थोडंथोडं, खाऊ देत दाखवायचं. लसी पूर्ण होईपर्यंत ते कडेवर घेऊनच. आणि खरं सांगायचं तर दिवसभर माणूस नसलेल्या घराने पिल्लू आणूच नये. दीड-दोन वर्षांचं, स्वभाव कळलेलं कुत्रं दत्तक घ्यावं. आकार किती होणार हा जुगार उरत नाही आणि शू-शीची शिस्तही लवकर लागते.

केसीआयचा कागद फक्त वंशावळ सांगतो. सांधे, स्वभाव, तब्येत यांची हमी त्यात नसते. कागदावरचा मायक्रोचिपचा नंबर आणि पिल्लाच्या कातडीखालच्या चिपचा नंबर स्कॅनरवर जुळतो का, ते पाहा. विकणाऱ्याची नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे आहे का, हेही विचारा.

नर की मादी, यात फार अडकू नका. मादी साधारण वर्षातून दोनदा, तीनेक आठवडे माजावर येते. शस्त्रक्रिया केली की तो प्रश्न मिटतो. खच्ची न केलेला नर मात्र वर्षभर मादीच्या वासावर कुंपण ओलांडतो.

दूध-भाकरीवर कुत्रं जगतं, पण नीट वाढत नाही. ज्वारीत प्रथिनं दहा टक्क्यांच्या आसपास. वाढत्या पिल्लाच्या कोरड्या आहारात किमान 22 टक्के हवीत. दुधाने अनेक कुत्र्यांना जुलाब होतात. भाकरी ठेवा, पण सोबत उकडलेलं अंडं, चिकन, थोडं दही द्या आणि कॅल्शियम डॉक्टरला विचारूनच. मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियमची पावडर चारली, तर हाडं उलट बिघडतात. कांदा-लसणाचा रस्सा, मनुका, चॉकलेट, शिजवलेली हाडं अजिबात नाही. पाहुण्यांनाही हे बजावा.

एका सुईची गोष्ट सगळ्यांत धोक्याची. रेबीजची लस तीन महिन्यांना, पुढच्या वर्षी पुन्हा आणि नंतर डॉक्टर सांगेल तशी. पण पिल्लं त्याआधीच पार्व्हो या विषाणूच्या आजाराने जातात: उलट्या, रक्ताचे जुलाब, दोन-तीन दिवसांत खेळ खलास. त्यासाठीची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे होईपर्यंत द्यावी लागते. कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीचा डोस निकामी करू शकते आणि ती नेमकी कधी ओसरेल, ते बाहेरून कळत नाही. लस 2 ते 8 अंशांत राहायला हवी. लोडशेडिंगच्या गावात मेडिकलमधून आणून घरीच टोचलेल्या लसीचा भरवसा धरू नये. दवाखान्यात द्या आणि बाटलीचं लेबल कार्डावर चिकटवून घ्या. तालुक्याच्या दवाखान्यात भर गाई-म्हशींवर असतो, म्हणून कुत्र्याच्या लसी मिळतात का हे आधीच विचारा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, अवघड दुखण्यात तिथे जाता येतं. गोठ्यातलं गोचिडाचं औषध अंदाजाने कुत्र्याला चोळू नका, विषबाधा होते. आणि गोचीड भिंतीच्या फटीतही अंडी घालते, नुसतं कुत्रं धुऊन भागत नाही.

आता गावठी. ते शिकत नाही, हे साफ खोटं. चिकनचा नखाएवढा तुकडा हातात धरून दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं घ्या. काही दिवसांत ‘बस’ आणि ‘ये’ जमतं. आखूड केस, मध्यम आकार, इथल्याच उन्हात पिढ्या गेलेल्या. बहुतेक घरांना आमचा सल्ला हाच राहील. खोडही सांगायला हवी: अनोळखी माणसावर भुंकणं जास्त, भिंत ओलांडायची सवय, आणि माणसांपासून लांब वाढलेलं चार-पाच महिन्यांचं पिल्लू भित्रंच राहण्याची शक्यता. निवडताना जरा दूर उकिडवे बसा. एखाद-दोन मिनिटांत शेपूट हलवत येणारं आणि चावी पडल्यावर दचकून पुन्हा हुंगायला येणारं पिल्लू घ्या. दिवसभर साखळीला बांधून ठेवलंत तर कोणतंही कुत्रं चिडकं होतं. लातूरकडचे कारवान आणि पश्मीही ऊन झेलतात, पण ते धावणारे शिकारी कुत्रे. फ्लॅटमध्ये नकोत आणि शेळ्या मोकळ्या फिरणाऱ्या वस्तीवर तर नकोतच.

राहिली उन्हाळ्याची सुट्टी. दोन महिने घरभर गलका आणि जूनमध्ये शाळा उघडली की पिल्लू एकदम एकटं. मग ओरडणं, दारं ओरबाडणं. त्यापेक्षा फटाके संपल्यावर, दिवाळीनंतर आणा. नोव्हेंबरच्या मध्यावर आलेल्या आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या लसी जानेवारीत पूर्ण होतात. पहाटेच्या फेरीची सवय फेब्रुवारीपर्यंत लागते आणि ऊन तापेपर्यंत ते सहा-सात महिन्यांचं झालेलं असतं.