जबाबदार पर्यटक व्हायचंय? विशेष काही करावं लागत नाही

सगळ्यात आधी सर्व्हे भरा. पर्यटन जबाबदारीने व्हावं असं वाटतं का? हो. स्थानिक लोकांचा विचार व्हायला हवा का? हो तर! पर्यावरणासाठी चार पैसे जास्त मोजाल का? अर्थातच, आणि इथे फॉर्म संपतो हे फार बरं असतं, कारण नंतर बुकिंग करताना आपण पहिलं बटण "सर्वात स्वस्त आधी" हेच दाबतो ते कुणी विचारत नाही. अभ्यासक मंडळी याला वृत्ती आणि वर्तन यातली दरी वगैरे म्हणतात, आपण याला सुट्टी म्हणतो.

आता गर्दीचं बघू. गर्दी म्हणजे कायम बाकीचे लोक, आपण फक्त त्यात अडकलेले असतो. व्हेनिसने २०२४ मध्ये ठरावीक दिवशी, नुसतं दिवसभर फिरून जाणाऱ्यांकडून ५ युरो घ्यायला सुरुवात केली, ती बाकीच्यांना आवरायला. आपण भरले की ते पुलाच्या मधोमध उभं राहून फोटो काढायचं भाडं समजायचं. त्याच वर्षी बार्सिलोनात वैतागलेल्या रहिवाशांनी मोर्चात पर्यटकांवर खेळण्यातल्या पिस्तुलांनी पाणी उडवलं. अशा वेळी चिडू नका, रील काढा, याहून ऑथेंटिक लोकल एक्सपिरियन्स कुठल्या पॅकेजात मिळतो?

निसर्गाची काळजी तर मुळीच करू नका. थायलंडची माया बे, रोज हजारोंनी माणसं आणि बोटी, प्रवाळांची पार वाट लागली म्हणून २०१८ मध्ये बंद केली आणि २०२२ च्या सुरुवातीला पुन्हा उघडली. मधल्या काळात माणूस नाही म्हटल्यावर शार्क परत आले. यातून आपण घ्यायचा धडा एवढाच की निसर्ग आपला आपण सावरतो, मग आपण का म्हणून कमी जायचं? उलट जिथलं काही संपत आलंय असं कळेल तिथे आधी पोचा, नंतर बघायला मिळणार नाही. (नंतर का मिळणार नाही हा नकारात्मक विचार आहे.)

पलाऊ नावाच्या छोट्याशा बेटांच्या देशात २०१७ पासून पासपोर्टवरच प्रतिज्ञेचा शिक्का मारतात आणि तिथल्या मुलांना उद्देशून, तुमचं घर जपू असं वचन देऊन खाली सही करावी लागते. करा की बिनधास्त, आपण ॲपच्या अटी तरी कुठे वाचून मान्य करतो?

आपली खूण मात्र मागे राहिलीच पाहिजे. पॅरिसच्या पाँ देझार पुलावर प्रेमिकांनी इतकी कुलपं लावली की २०१४ मध्ये कठड्याचा एक भाग कोसळला आणि पुढच्या वर्षी सुमारे ४५ टन कुलपं काढावी लागली. म्हणजे प्रेम खरं होतं, कठडाच कच्चा होता. २०२३ मध्ये एका पर्यटकाने रोमच्या कोलोसियमवर किल्लीने नावं कोरली आणि नंतर माफीच्या पत्रात लिहिलं की वास्तू इतकी पुरातन आहे हे मला नंतर कळलं. हे पाठ करून ठेवा, कुठेही चालतं. जवळपास दोन हजार वर्षं जुनी गोष्ट बघायला जायचं आणि ती जुनी आहे हेच माहीत नसायचं, याला खरं तर प्रतिभा लागते.

एवढं करूनही मनाला टोचणी लागलीच तर हॉटेलच्या बाथरूममधली पाटी वाचा, टॉवेल धुवायला टाकू नका, पृथ्वी वाचवा. टॉवेल दांडीवर टांगला की अर्धं जग ओलांडून केलेला विमानप्रवास माफ. वीकेंडपुरता गेला असाल तर दोन्ही टॉवेल टांगा. एसी मात्र बाहेर जाताना चालूच ठेवा, परत आल्यावर खोली गार नको का?

आणि चुकून एखादी शांत, कुणाला फारशी माहीत नसलेली जागा सापडलीच तर तिचं शांतपण जपणं हे आपलं कर्तव्यच आहे. फोटोखाली लिहा "प्लीज कुणाला सांगू नका" आणि लोकेशन टॅग करा. पुढच्या सीझनला तिथे पार्किंगला जागा मिळाली नाही की त्याच फोटोखाली कमेंट टाका, लोकांनी पार वाट लावली राव.